काफिल्यातली मांजरं

गेल्या वर्षी अम्मीचा चाळिसावा झाला आणि खेडजवळच्या आमच्या गावच्या घराला कुलूप लावायची वेळ आली. भांडीकुंडी वाटली, कपडे गरजूंना गेले, धान्याचे डबे शेजारच्या चाचींकडे दिले. अम्मीची तस्बीह आणि जानमाज आपाने आपल्या बॅगेत ठेवली. सगळ्याची विल्हेवाट लागली. राहिली ती लाडी.

लाडी ही अम्मीची मांजर. अंगाने करडी, पोटाला पांढरी, एक कान कुठल्याशा बोक्याने फाडलेला. वय नऊ-दहा असेल. शेवटच्या दोन वर्षांत अम्मी अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्या पायाशी रात्रभर कोणी राहिलं असेल तर ते हे जनावर. आम्ही मुलं महिन्यातून एकदा जायचो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

आपा म्हणाली, ‘‘तिला इथंच राहू दे. कुत्रा माणसाचा असतो, मांजर घराचं असतं. चाचीजान दोन वेळा घालतील काहीतरी.’’ चाचीजानने मान हलवली खरी, पण त्या स्वतः सत्तरीच्या पुढे. माझ्या मुलाचं म्हणणं, गाडीतून पुण्याला न्यायची. त्यावर चुलतभाऊ म्हणाला, ‘‘पाच-सहा तास पिंजऱ्यात कोंडणार? मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईचं काय झालं, ती हदीस विसरलास?’’ गंमत अशी की तिला गावी सोडून जाऊ नये, म्हणून मीही मनातल्या मनात तीच हदीस आठवत होतो.

ही हदीस मला कुणी मौलवींनी नव्हे, दादीने सांगितली होती. का सांगितली, ते आधी सांगतो.

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आमच्या घरी एक काळी मांजर येऊ लागली होती. माळ्यावर टांगलेले सुके बोंबील ती पळवायची. एके दिवशी तिने पाहुण्यांसाठी ठेवलेली मच्छी खाल्ली आणि घरात निकाल लागला. आपल्याकडे नको असलेल्या मांजराचा निकाल कसा लावतात, हे कोकणात वाढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. गोणीत घालायचं आणि लांब नेऊन सोडायचं. नदी ओलांडली की मांजराला वाट सापडत नाही, असं म्हणतात. मामूंची जीप होती. मी मागे गोणीचं तोंड दोन्ही हातांनी आवळून बसलो होतो. भोस्ते घाट उतरून गेल्यावर मामूंनी जीप थांबवली आणि मी मूठ सोडली. काळी झाडीत गेली. मला त्या वेळी मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून बारीक आवाज येऊ लागले. तीन पिल्लं होती, डोळे न उघडलेली. दोन गेली. तिसऱ्याला दादीने कापसाच्या वातीने दूध पाजून जगवलं. दादी माझ्यावर रागावली नाही. रात्री जेवताना तिने फक्त ती गोष्ट सांगितली, की एका बाईने मांजर बांधून ठेवलं, तिला खायला दिलं नाही, आणि स्वतःचं स्वतः शोधून खायलाही सोडलं नाही. त्या एका गोष्टीपायी ती दोजखमध्ये गेली. इतकं सांगून दादी भात वाढू लागली. लाडी ही त्याच जगलेल्या पिल्लाच्या वंशातली, असं अम्मी सांगायची.

ही रिवायत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. लहानपणी मला तिचा अर्थ एवढाच कळला होता, की मांजराला त्रास दिला तर शिक्षा होते. यंदा पुन्हा वाचताना तिची रचना लक्षात आली. त्या बाईवरचा आरोप कोंडण्याचा एकट्याचा नाही. कोंडलं आणि खायला दिलं नाही, असा तो जोडून आहे. पंधराव्या शतकातले कैरोचे मोठे विद्वान इब्न हजर यांनी बुखारीवर लिहिलेल्या ‘फतहुल बारी’ या भाष्यात यावरची चर्चा आहे. अन्नपाण्याची हयगय होत नसेल तर मांजर पाळणं आणि बांधून ठेवणंही जायज ठरतं, असा अर्थ जुन्या आलिमांनी याच हदीसमधून काढलेला तिथं सापडतो. म्हणजे चुलतभावाचा मुद्दा अर्धा होता. माझाही अर्धाच होता.

मग मी वाचत गेलो. मांजर घराचं असतं, हे जर खरं असेल तर हे घराचं जनावर जगभर पोहोचलं कसं?

मुसलमानांच्या घरात मांजराचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. पहिली, प्रेषित मुहंमद (स.) यांच्या मुएझा नावाच्या मांजरीची. ती त्यांच्या कपड्यावर झोपली होती, नमाजची वेळ झाली, तेव्हा तिची झोप मोडू नये म्हणून त्यांनी बाही कापली, अशी ती कथा. व्हॉट्सअॅपवर दर शुक्रवारी फिरते. हदीसच्या कुठल्याही मान्य संग्रहात ती नाही. गोड आहे म्हणून खरी मानायची गरज नाही. ज्या खऱ्या आहेत त्या काही कमी गोड नाहीत.

दुसरी गोष्ट अबू हुरैरा यांची. यमनमधल्या दौस कबिल्याचे हे गृहस्थ हिजरी ७ च्या सुमारास मदिनेत आले आणि पाच हजारांहून अधिक रिवायती त्यांच्या नावावर नोंदल्या गेल्या. अबू हुरैरा हे त्यांचं खरं नाव नव्हे, टोपणनाव. अर्थ, मांजराच्या पिल्लाचा बाप. हे नाव कसं पडलं, ते तिर्मिजीच्या संग्रहात त्यांच्याच तोंडून आलेलं आहे. ते घरच्यांच्या शेळ्या-मेंढ्या चारायचे. त्यांच्याजवळ एक छोटं पिल्लू होतं. रात्री ते त्याला झाडावर ठेवायचे आणि दिवसा सोबत घेऊन जायचे, त्याच्याशी खेळायचे. मी हे अनेकदा ऐकलं होतं, पण ते प्रवासातलं मांजर आहे हे कधी ध्यानात आलं नव्हतं. गुराख्याचं घर कुठं असतं? जिथं कळप, तिथं. हे पिल्लू घराचं नव्हतं, माणसाचं होतं.

तिसरी एक रिवायत आहे, ती फारशी सांगितली जात नाही. अबू कतादा वजू करायला बसले होते. त्यांची सून कबशा पाणी ओतत होती. एवढ्यात मांजर आली. अबू कतादांनी भांडं तिच्याकडे कलतं केलं आणि तिला पोटभर पिऊ दिलं. सून बघत राहिली. तेव्हा ते म्हणाले, की मांजर नापाक नाही असं प्रेषितांनी सांगितलं आहे. ती तुमच्या अवतीभवती फिरणाऱ्यांपैकी आहे. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’मध्ये आणि अबू दाऊद यांच्या संग्रहात ही आहे. फिरणाऱ्यांसाठी मूळ अरबी शब्द आहे ‘तव्वाफीन’. काबागृहाभोवती घालतात तो तवाफ, त्याच धातूतला हा शब्द.

आता जरा मागे जाऊ. सायप्रस या बेटावर शिलुरोकाम्बोस नावाची एक नवाश्मयुगीन वस्ती आहे. तिथं सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारीच पुरलेलं मांजर सापडलं. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी हा शोध २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्या बेटावर मूळची रानमांजरं नव्हती. म्हणजे कोणीतरी त्याला, किंवा त्याच्या पूर्वजांना, होडीत घालून समुद्रापार नेलं होतं. मांजराचा माणसासोबतचा सगळ्यात जुना ठळक पुरावा घराचा नाही, बेटावरचा आहे. मला हे वाचून हसू आलं. त्या होडीत ते किती ओरडलं असेल!

इजिप्तमध्ये मांजराला देवत्व मिळालं हे सगळ्यांना माहीत असतं, त्यावर वेळ घालवत नाही. पण ग्रीक इतिहासकार डायोडोरस एक वेगळी बाब सांगतो. इजिप्तचे लोक परमुलखात लढाईला गेले की तिथली मांजरं सोडवून घेऊन मायदेशी परत आणायचे, वाटखर्चाला पैसे अपुरे असले तरी. बाकी व्यापाऱ्यांना आणि खलाशांना मांजर हवं होतं ते साध्या कारणासाठी. धान्य, दोर आणि कातडं उंदीर खातात. मांजर उंदीर खातं. मध्ययुगात भूमध्य समुद्रावर चालणाऱ्या ‘कोन्सोलात दे मार’ या सागरी कायद्यात तर कलमच आहे, की जहाजावर मांजर नसताना उंदरांनी माल नासवला तर भरपाई जहाजवाल्याने करायची. मांजर हा विम्याचा कागद होता म्हणा ना.

या व्यापारी वाटेवर आपलाही किनारा येतो. तांबड्या समुद्रावर इजिप्तचं बेरेनिके नावाचं बंदर होतं. तिथल्या उत्खननात साडेसात किलो भारतीय काळी मिरी भरलेला रांजण मिळाला आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या नाविक मार्गदर्शिकेत या बंदराचं नाव आहे, आणि त्याच पुस्तकात सोपारा, कल्याण आणि चौल यांचीही नावं आहेत. बेरेनिकेत पाळीव जनावरांचं एक कब्रस्तान निघालं. पाचशेहून अधिक प्राणी पुरलेले, त्यांत बहुतेक मांजरं, काहींच्या गळ्यात लोखंडी पट्टे, काहींच्या गळ्यात मणी. २०१७ मध्ये जुन्या मांजरांच्या हाडांमधल्या डीएनएचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बेरेनिकेच्या एका मांजराची आईकडची वंशरेषा निघाली आशियाई रानमांजराची. हे मांजर पूर्वेकडच्या वाटेने आलेलं. त्याच अभ्यासात इजिप्तची वंशरेषा सापडली ती थेट बाल्टिक समुद्रावर, राल्सविक नावाच्या सातव्या शतकातल्या व्यापारी बंदरात. मिरीच्या गोण्यांवर झोपून आलेलं एखादं मांजर माझ्या डोळ्यांसमोर येतं. सोपाऱ्याच्या धक्क्यावरून ते निघालं असं मी म्हणणार नाही, पण त्या धक्क्यावर मांजर दिसलं असतं तर कोणी चमकलं नसतं.

या सगळ्यात मला जवळचं वाटलं ते मात्र कझाकस्तानातलं एक मांजर. अरल समुद्राच्या पूर्वेला झानकेंत नावाचं जुनं शहर आहे, ओघुझ तुर्कांचं. तिथं आठव्या ते दहाव्या शतकादरम्यानच्या एका मांजराचा जवळजवळ पूर्ण सांगाडा सापडला. २०२० मध्ये त्याचा अभ्यास छापून आला. या मांजराची हाडं एकाहून अधिक ठिकाणी मोडलेली होती आणि ती भरून आलेली होती. दात पडलेले होते. आणि हाडांच्या रासायनिक तपासणीत कळलं, की त्याच्या खाण्यात प्रथिनं भरपूर होती. शिकार करता येणार नाही अशा मोडक्या, बोळक्या मांजराला कोणीतरी शेवटपर्यंत मांस-मच्छी भरवत होतं. हे ओघुझ लोक फिरस्ते, कळपवाले. उपयोग नसलेलं जनावर पोसणं त्यांना परवडणारं नव्हतं, आणि तरी त्यांनी ते पोसलं. रेशीममार्गावरच्या कुठल्या काफिल्यातून ते तिथवर आलं असावं, असं संशोधक म्हणतात. मी हे वाचलं त्या रात्री लाडी अम्मीच्या रिकाम्या खाटेवर झोपली होती. तिचेही खालचे दोन दात पडलेत.

काफिल्याचा विषय निघाला की कैरोला जावंच लागतं.

तेराव्या शतकात मामलुक सुलतान बैबर्स याने कैरोहून मक्केला जाणाऱ्या हजच्या काफिल्यासोबत महमल पाठवायची प्रथा पक्की केली. महमल म्हणजे उंटावरची भरजरी, शिखराची पालखी. आत कोणी बसलेलं नसे. ती सुलतानाच्या सत्तेची खूण होती. मंगोलांना ऐन जालूतला अडवणारा, क्रुसेडर्सचे किल्ले घेणारा हा करडा सेनापती. पण त्याच्या नावावर आणखी एक गोष्ट आहे. कैरोच्या उत्तरेला आपल्या मशिदीजवळची एक बाग त्याने बेवारस मांजरांसाठी वक्फ केली. लोक तिला ‘गैत अल-कुत्ता’, म्हणजे मांजरीची बाग म्हणत. वक्फ म्हटलं की आज आपल्याकडे फक्त जमिनीचे वाद आणि कायद्याची कलमं आठवतात. मांजरांच्या नावचा वक्फ ही कल्पना आपल्या चर्चेत कुठं बसवायची, मला सुचत नाही.

एडवर्ड लेन हा इंग्रज अभ्यासक १८३० च्या दशकात कैरोत राहून गेला. त्याचं इजिप्तच्या चालीरीतींवरचं पुस्तक १८३६ मध्ये आलं. तोवर साडेपाचशेहून अधिक वर्षं उलटली होती. बाग हातोहात विकली गेली होती, आणि मांजरांच्या वाट्याला वर्षाला पंधरा पियास्टर एवढं नावापुरतं भाडं उरलं होतं. तरी मांजरांचं जेवण बंद पडलं नव्हतं. तो खर्च काझीने आपल्या अंगावर घेतला होता. रोज दुपार कलली की काझीच्या कचेरीपुढच्या मोठ्या चौकात कापलेल्या जनावरांचे उरलेसुरले तुकडे आणले जात आणि गल्लीतली मांजरं गोळा होत. लेनने पुढे एक वाक्य लिहिलं आहे, ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. ज्यांना आपलं मांजर नकोसं झालं असेल, पण त्याचे हाल होऊ नयेत असं वाटत असेल, ते लोक त्याला या चौकात आणून सोडत. आम्हीही काळीला सोडलं होतं. पण आम्ही सोडलं ते भोस्ते घाटात.

याच पुस्तकात महमलच्या मिरवणुकीचं वर्णन आहे. पालखीमागे उंटावर एक उघडाबोडका शेख सतत मान घुमवत जायचा, त्याच्याविषयी लेन सांगतो. आणि मग एका म्हातारीविषयी. त्याच्या आधीच्या काही वर्षांपर्यंत ही बाई काफिल्यासोबत असायची. डोकं उघडं, अंगात फक्त एक झगा, आणि उंटावर तिच्या भोवती पाच-सहा मांजरं बसलेली. लोक तिला ‘उम्म अल-कुतत’ म्हणत, मांजरांची आई. पुढच्या काळातल्या प्रवासवर्णनांत तिच्या जागी मांजरांचा बापही भेटतो.

कैरो ते मक्का हा खुश्कीचा प्रवास तेव्हा सदतीस दिवसांचा होता. सिनाई ओलांडायचं, अकबाला वळायचं, मग तांबड्या समुद्राच्या कडेने हिजाजचं वाळवंट. ऊन टाळण्यासाठी बराचसा काफिला रात्री चालायचा. पाण्याचे मुक्काम मोजून ठेवलेले. माणसं वाटेत दगावायची. अशा वाटेवर एक बाई पाच-सहा मांजरं घेऊन जाते. तिला आणि तिच्या मांजरांना पाणी कोण देत होतं? तिला कोणी हटकलं नाही, उलट सरकारी मिरवणुकीत जागा दिली. आज आपल्या गल्लीत डोकं उघडं टाकून मांजरं सांभाळणारी बाई निघाली, तर आपण तिला कशी वागणूक देऊ, हा विचार मी तिथंच थांबवला.

युरोपातल्या काही अभ्यासकांना वाटलं, की ही प्राचीन इजिप्तच्या मांजरदेवीची आठवण आहे. बुबास्तिसच्या जत्रेला लोक नावांत बसून जायचे, हे हिरोडोटसने लिहून ठेवलंय, त्याचा धागा त्यांनी इथवर आणला. मला हे पटत नाही. मुसलमानांनी काही प्रेमाने केलं की त्याचं मूळ कुठल्यातरी जुन्या देवळात शोधायची पौर्वात्यविद्येची ही सवय जुनीच आहे. काफिल्यात धान्याची पोती होती, उंदीर होते, आणि मांजर पाक आहे हे सांगणारी हदीस प्रत्येक हाजीला ठाऊक होती. एवढं कारण पुरेसं आहे. ते मांजरवेडं शहर होतं, तिथं वजूच्या पाण्याला मांजरीने तोंड लावलं तरी कोणी भांडं फेकत नव्हतं.

महमल मक्केला जायचा थांबला १९२६ मध्ये. सोबतच्या सैनिकांनी बिगुल वाजवले, नजदच्या इख्वानांना ते बिदअत वाटलं, मिनाजवळ चकमक झाली आणि माणसं मारली गेली. तोवर वाळवंटाचा रस्ताही मागे पडलेला, महमल आगगाडीने सुएझला आणि तिथून आगबोटीने जायचा. मांजरांच्या आईचं उंटावरचं आसन त्याही आधी रिकामं झालं होतं.

पिंजऱ्याचा प्रश्न अजून राहिलाच. त्याचं उत्तर मला एवलिया चेलेबीकडे मिळालं. सतराव्या शतकातला हा उस्मानी प्रवासी अतिशयोक्तीसाठी बदनाम आहे, पण बारीक तपशील टिपण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. अनातोलियातल्या दिव्रिगीची मांजरं नामांकित होती, असं तो सांगतो. ती तिथून पार इराणमधल्या अर्दबीलला नेली जात, कारण अर्दबीलला उंदरांचा उच्छाद. तिथं दलाल पिंजरे डोक्यावर घेऊन ओरडत फिरायचे आणि लिलाव व्हायचा. डोंगरदऱ्यांतून शेकडो मैल, पिंजऱ्यात. माझा मुलगा म्हणाला, ‘‘म्हणजे हे कॅरिअर आपण शोधलेलं नाही.’’

त्याच शतकात पिएत्रो देल्ला वाल्ले हा रोमचा सरदार इराणमध्ये होता. खुरासानची लांब केसांची मांजरं त्याने इस्फहानला पाहिली आणि वेडा झाला. नर-मादीच्या चार जोड्या त्याने रोमला न्यायचं ठरवलं, आणि पोर्तुगीज लोकांनी ही जात इराणहून हिंदुस्थानात नेली आहे, हेही नोंदवलं. म्हणजे गोव्यात इराणी मांजर पोहोचलं त्याला चारशे वर्षं झाली. पण देल्ला वाल्लेच्या प्रवासाची आठवण राहते ती वेगळ्या कारणाने. त्याची बायको मआनी बगदादकडची होती. १६२१ मध्ये होर्मुझजवळ तापाने ती वारली. त्याने तिचं शव मसाले लावून पेटीत ठेवलं आणि ती पेटी सोबत घेऊन तो सुरतेला, खंबायतला, गोव्याला फिरला. रोमला पोहोचून १६२६ नंतरच तिला दफन केलं. माणूस सोबत काय काय नेऊ शकतो! आम्ही तर एक मांजर नेणार होतो.

ठरलं. मी एका पशुवैद्याला फोन केला. त्यांनी सांगितलं, की मांजराला गाडीपेक्षा अनोळखी वास आणि हलणारी जमीन यांची भीती जास्त. कॅरिअर आधी चार-पाच दिवस घरात उघडं ठेवा, त्यात अम्मींचं एखादं कापड घाला. निघण्याआधी चार तास खायला देऊ नका, पाणी द्या. वरून चादर टाका, सीटबेल्टने बांधा. झोपेचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. आणि काही झालं तरी चालत्या गाडीत मोकळं सोडू नका. घाबरलेलं मांजर ब्रेकच्या पायाखाली शिरतं. आपाने बॅगेतून अम्मीचा जुना दुपट्टा काढून दिला. आता ती काही बोलत नव्हती.

फजर झाल्यावर निघालो. भरणा नाका येईपर्यंत लाडी गप्प होती. कशेडीच्या वळणांवर तिने जो सूर धरला, तो माझ्या पाठीतून गेला. तो आवाज मी आधी ऐकला होता, गोणीतून. मुलगा मागे बसून कॅरिअरवर हात ठेवून होता. पोलादपूरच्या अलीकडे तिने घाण केली. वास असह्य झाला तेव्हा गाडी कडेला घेतली, सगळ्या काचा वर केल्या, दारं बंद ठेवली आणि खालचा कागद बदलायला मी कॅरिअरचं झाकण उघडलं. एवढंच व्हायचं होतं. ती माझ्या मनगटावरून निसटली आणि पुढच्या सीटखाली गेली.

पाऊण तास आम्ही तिथं होतो. बाहेरून ट्रक जात होते, प्रत्येक हॉर्नला ती आणखी आत सरकायची. मुलाला गुदमरायला लागलं, तो म्हणाला, दार थोडं उघडू का? मी ओरडलो त्याच्यावर. इतक्या जोरात मी त्याच्यावर कधी ओरडलो नव्हतो. बाहेर एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला झाडी होती, अगदी तशीच. मग तो दुपट्टा सीटसमोर पसरून दोघंही गप्प बसलो. काचेवर वाफ धरली. बऱ्याच वेळाने तिचं नाक दिसलं, मग फाटका कान. दुपट्ट्यासकट उचलून आत ठेवली. मनगटावरचा ओरखडा अजून दिसतो.

माणगावला चहा प्यायलो, एक जण गाडीत बसून. ताम्हिणीत ती ओरडून थकली आणि झोपली. सदतीस दिवस कुठं आणि सहा तास कुठं; पण पुण्याच्या घराची बेल वाजवली तेव्हा माझे पाय थरथरत होते.

तीन दिवस लाडी पलंगाखालून हलली नाही. रात्री वाटीतलं कमी झालेलं दिसायचं, एवढंच. चौथ्या दिवशी पहाटे मी वजू करून आलो तर ती खोलीत होती. भिंतीला अंग घासत, कपाट, दार, खिडकी, पुन्हा कपाट, अशी तिची एक फेरी झाली. मग दुसरी. मी नमाज सुरू न करता उभा राहून बघत होतो.

सकाळी आपाचा फोन आला. तिने पहिला प्रश्न विचारला, ‘‘खाते का काही?’’ मी म्हणालो, ‘‘खाते. तू येशील तेव्हा गावची सुकट घेऊन ये. इथली तिला आवडत नाही.’’